ओला सांधा

भिंतीवरच्या कागदी टेपखाली हवेचा एक फुगा राहिला होता. मसुरीच्या दाण्याएवढा, खिडकीतून तिरपा उजेड आला नसता तर दिसलाही नसता. ओडेतने तो बोटाने दाबला, तो बसला, आणि बोट उचलल्याबरोबर पुन्हा वर आला. तिने पुट्टी ओढायचा पत्रा घेऊन त्याच्यावरून आणखी एक हात ओढला, जरा जोर देऊन — फुगा गेला, पण शेजारी टेपला चुणी पडली.

"खाली पुट्टी कमी घातलीस," मागून पापा म्हणाले.

"हो."

"टेप कोरडी बसली की हवा धरते."

"माहीत आहे, पापा."

माहीत होतं. न माहीत असायला काय झालं? आल्मा गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती ज्या माणसाने गुळगुळीत केल्या त्याच्या घरात ती वाढली होती. जेवताना, गाडीत, चर्चमधून बाहेर पडताना पायऱ्यांवर, पापा, म्हणजे फेर्नां लाप्रीझ, दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसत. जिप्समचे बोर्ड कोणीही ठोकतो, ते म्हणत, सुतार ठोकतो, जावई ठोकतो. पण दोन बोर्डांमधला सांधा पुट्टीने भरायचा, त्यात कागदी टेप बसवायची, वरून पत्र्याने हात ओढायचा, वाळला की आणखी रुंद पत्र्याने दुसरा, मग तिसरा, मग घासायचं... आणि शेवटी कोणी विचारलं की सांधा कुठे आहे, तर आपल्यालाही दाखवता येता कामा नये. लोकांच्या घरी गेले की ते खुर्चीवर बसण्याआधी भिंतीवरून तळवा फिरवत. मामां, तिची आई, शरमेने मान खाली घालायची.

आता ते खोलीच्या मधोमध, ओडेतने आणून ठेवलेल्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता. उन्हाळ्यात ते त्यांच्या फ्लॅटमध्ये पडले तेव्हापासून डावाही हलायला लागला होता. म्हणून त्यांना इथे राहायला आणण्यासाठी ही खोली. आधी इथे शिवणयंत्र आणि जुनी कपाटं होती, भिंतींत ओल होती. ओडेतच्या नवऱ्याने, रेजांने, सगळं उकरून नवे बोर्ड ठोकून दिले आणि तो भावांबरोबर मूस हरणाच्या शिकारीला निघून गेला. ऑक्टोबरात या बाजूला एखादा पुरुष घरात सापडला तर तो आजारी तरी असतो नाहीतर पाद्री तरी. तो परत येईपर्यंत थांबता आलं असतं. पण ओडेतला थांबायचं नव्हतं. सांधे मी ओढणार, ती म्हणाली होती. पापांच्या खोलीचे सांधे मी.

"अजून पहिलीच भिंत?" दारातून तिची धाकटी बहीण मिरेय म्हणाली.

ती आंघोळ करून आली होती, अंगात रेजांचा जुना चौकटीचा शर्ट, हातात कॉफीचा मग. काल संध्याकाळी ती मॉन्ट्रियलहून गाडी चालवत आली. दातांच्या दवाखान्यात ती काम करते, तिचे स्वतःचे दात पांढरेशुभ्र, आणि पन्नाशी उलटली तरी दारात उभी राहिली की असं वाटतं, आत्ताच कोणीतरी हिला खेळायला बोलावलं आहे. ओडेत तिच्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेच्या भटारखान्यात उभं राहून राहून ओडेतचे घोटे सुजतात... पण ते आज नको.

"ओडेत," पापा म्हणाले, "पत्रा जरा मिरेयला दे. बघू, विसरली का."

अगदी सहज म्हणाले. मीठ इकडे सरकव म्हणावं तसं.

"अहो पापा, कधीची गोष्ट ती," मिरेय म्हणाली, पण हातातला मग तिने खिडकीत ठेवलासुद्धा. "मी बिघडवलं तर ओडेत मला जेवायला देणार नाही."

"देईन," ओडेत म्हणाली. "सूप तर झालेलंच आहे." आणि तिने पत्रा पुढे केला. मूठ तिच्याकडे करून, पातं आपल्याकडे ठेवून, शहाण्या माणसासारखा.

शहाणी. हा शब्दच तिचं लहानपण खाऊन बसला. शनिवारी सकाळी पापांची गाडी अंगणात सुरू व्हायची, मागे बादल्या, शिडी, आणि मिरेय आधीच पुढच्या सीटवर चढून बसलेली, पाय जमिनीला न पोचणारे. आणि ओडेत कोट घालून दारात. मामां आत, पडदे ओढलेल्या खोलीत. तिचं डोकं दुखायला लागलं की दोन दोन दिवस थांबत नसे. "तू मामांजवळ थांब हं," पापा म्हणायचे, "तू माझी शहाणी मुलगी." ती थांबायची. ओला रुमाल बदलायची, बटाटे सोलायची, आवाज न करता कपाटं उघडायची. संध्याकाळी मिरेय परत यायची ती केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी, बोटांना साखर चिकटलेली, आणि सांगायला लागायची — आज पापांनी मला बादलीवर उभं केलं, आज पापांनी माझा हात धरून कोपरा काढला. तिला टबात बसवून तिचं डोकं धुवायचं काम ओडेतचं. पाणी दुधासारखं व्हायचं. एका शनिवारी घरात कोणी बघत नव्हतं तेव्हा ओडेतने डब्यातलं मूठभर पीठ घेऊन स्वतःच्या केसांत चोळलं होतं, आणि आरशासमोर उभी राहिली होती. पापा आले आणि हसले. म्हणाले, पाव मळत होतीस वाटतं.

मिरेय विसरली नव्हती. पहिला हात थोडा जाड गेला, दुसरा बसला. पुट्टी पसरायची, टेप वरून सोडून द्यायची, मधून बाहेर पत्रा ओढायचा — ती ते गप्पा मारता मारता करत होती, दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने कवळी कुत्र्याला कशी दिली ते सांगत. आणि खिडकीखालचा लांब आडवा सांधा, छातीच्या उंचीवरचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ओल्या रस्त्यासारखा सरळ उमटत गेला.

"पत्रा जास्त आडवा धरतेस," पापा म्हणाले आणि उठले. ओडेत त्यांना धरायला पुढे झाली तर त्यांनी तिला हातानेच बाजूला केलं. ते मिरेयच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "असा. कोन आत्ता बरोबर आहे. आता जोर बोटांत, खांद्यात नाही. सोड. जाऊ दे त्याला."

त्यांचा हात हलत नव्हता.

ओडेत बघत राहिली. हाच हात... हाच हात काल तिच्यासमोर चमचा धरू शकला नाही. शर्टाची बटणं ती लावते. दर बुधवारी नखं ती कापते, आणि तेव्हा तो असा फडफडतो की तिला दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागतो, पक्षी दाबावा तसा. आणि आता बघा. बसलाय शांत, मिरेयच्या मनगटावर, जसं काही झालेलंच नाही.

"मी सूप गरम करते," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही बहुधा.

स्वयंपाकघरात भिंतीपलीकडचं बोलणं नीट कळत नव्हतं, हसणं तेवढं कळत होतं. पापा एका पाद्र्याच्या घराची गोष्ट सांगत होते, मध्येच त्यांनी इकडच्या रीतीप्रमाणे वेदीवरच्या पवित्र पेटीचं नाव घेऊन एक मोठी शिवी हासडली आणि मिरेय खिदळली. ओडेतसमोर ते शिव्या देत नाहीत. ओडेतसमोर ते विचारतात, गोळी घेतली का मी? पांढरी की पिवळी? तिने गुर्गानचं, म्हणजे इकडच्या वालाचं, सूप ढवळलं. त्या जाड तपकिरी दाण्यांनी तळ धरला होता. तिला वाटलं, असं का झालं असेल — मिरेयच्या वाट्याला पापांचे हात आले आणि माझ्या वाट्याला त्यांचे मोजे. मी तर काही मागितलं नव्हतं. नाही, मागितलं होतं. कोट घालून दारात उभं राहणं म्हणजे मागणंच. त्याहून मोठ्याने मागायचं मला कधी जमलं नाही, आणि तिला मागावं लागलं नाही... यात तिचा काय दोष? काहीच नाही. दोष असता तर किती बरं झालं असतं.

जेवताना तिने पापांच्या गळ्यात रुमाल बांधला.

"मी काय बाळ आहे?" ते म्हणाले.

"शर्ट धुतलेला आहे, पापा."

"मग पुन्हा धू."

मिरेय हसली, आणि ते हसणं ओडेतला चमच्यासारखं दाताला लागलं. पापांचा हात पुन्हा सुटला होता. थोडं सूप टेबलावर सांडलं, त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं, ओडेतने पुसलं.

"खोली छान होतेय," मिरेय म्हणाली. "पापा, तुम्ही इथे राहायला आलात की मी दर महिन्याला येईन. शपथ."

"येशील तेव्हा खरं," पापा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "ओडेत, बघितलास ना तिचा सांधा? इतक्या वर्षांनी. हात जन्मतःच असावा लागतो बघ. तुझा हात जड आहे. मामांचा होता तसा. स्वयंपाकाला चांगला."

त्यांना दुखवायचं नव्हतं. तेच तर. दुखवायचं असतं तर ते जरा विचार करून बोलले असते.

जेवण झाल्यावर ते दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आडवे झाले आणि तोंड उघडं टाकून झोपले. मिरेय बारीक पॉलिश पेपर आणायला दुकानात गेली. जाता जाता तळ्याकडे एक चक्कर मारून येते म्हणाली, लहानपणची जागा बघायची आहे. गाडीचा आवाज वळणावर गेला. ओडेतने भांडी धुतली, आणि मग कॉफीचा मग राहिलाय म्हणून खोलीत गेली. तो खिडकीतच होता. दुपारचा उजेड आता भिंतीवर आडवा येत होता, आणि आडवा उजेड कोणाचीच गय करत नाही हे पापांचंच वाक्य. तिच्या दोन सांध्यांवर सगळं दिसत होतं, कडा, चुणी, पत्रा उचलल्याच्या रेघा. आणि खिडकीखालच्या त्या लांब सांध्यावर काही नाही. नुसता ओलसर, करडा, शांत.

तिने हात ठेवला तो फक्त बघायला. पापा बघतात तसा, तळवा सपाट ठेवून. पुट्टी गार होती, वरून आवळायला लागलेली, आतून अजून मऊ. छान वाटलं. मग तळवा थोडा सरकला. तिने सरकवला असं तिला म्हणता आलं नसतं, आणि सरकवला नाही असंही नाही. तो सरकला, आणि ती थांबली नाही, जोर आला — खांद्यातून आला, बोटांतून नाही — आणि टेप तिच्या हाताखाली दुधावरच्या सायीसारखी गोळा होत गेली, वीतभर, दोन विती. खालचा बोर्डांमधला काळा सांधा उघडा पडला.

तिने हात काढला. जे वाटलं ते भय नव्हतं. एक क्षणभर ते चक्क सुख होतं.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने हात धुतले. नखांतून पुट्टी निघेना, तिने भांडी घासायच्या ब्रशने काढली. मिरेय आली की सांगायचं, माझा धक्का लागला. शिडी सरकवताना. होतं असं. तिने वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं, चांगलं होतं. त्यात खोटं फारसं नव्हतं.

तेवढ्यात सोफ्याची स्प्रिंग वाजली. पापांच्या सपाता बाथरूमकडे गेल्या, परत आल्या, आणि खोलीच्या दाराशी थांबल्या. मग आत गेल्या. मग बराच वेळ काही नाही.

ती गेली तेव्हा ते भिंतीसमोर उभे होते. भिंतीकडे बघत नव्हते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, पालथा, उलथा. सकाळी मिरेयच्या मागे उभे असताना त्यांच्या बाहीला लागलेली पुट्टी वाळून पांढरी झाली होती.

"मी टेकलो इथे," ते म्हणाले.

ओडेत पुढे आली.

"बाथरूमला जाताना टेकलो असेन. मला आठवत नाही, ओडेत. तू पाहिलंस का?"

आत्ता. आत्ता सांगायचं. शिडी सरकवताना. वाक्य तयार होतं, तोंडाशी होतं, आणि पापा तिच्याकडे बघत होते, मिरेयकडे नाही, तिच्याकडे. असे की जणू जगातलं सगळं तिलाच ठाऊक आहे.

"असू दे, पापा," ती म्हणाली.

बस एवढंच. तिने हो म्हटलं नाही. आणि तरी ते ऐकताना त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, आणि हात खिशातही हलत राहिले, कापडाखाली.

"आयुष्यात एक ओला सांधा मोडला नाही मी," ते म्हणाले. "अंधारात, दारू पिऊनसुद्धा नाही." मग, "मी इथे येऊन काय करणार? तुझ्या भिंती खराब करणार. ते चर्चमागचं म्हाताऱ्यांचं घर बरं. तिथे कोणाची भिंत नसते."

"काहीतरी बोलू नका."

"काहीतरी नाही."

मिरेय आली तेव्हा तिच्या गालांवर तळ्यावरचा वारा होता, आणि ती दारातूनच बोलत आली, बोटींचा धक्का किती बदलला, आइस्क्रीमचं दुकान गेलं, मग थांबली.

"माझ्यामुळे झालं," पापा म्हणाले. शाळेतल्या मुलासारखं, आधीच.

मिरेयने जवळ जाऊन बघितलं. गोळा झालेल्या टेपवर बोट ठेवलं. नंतर तिने ओडेतकडे बघितलं — चेहऱ्याकडे, आणि मग हातांकडे; ब्रशने घासून ते लालबुंद झाले होते. ओडेतने ते लपवले नाहीत. तिला वाटलं, म्हण. म्हणून टाक एकदाचं, मी नाही म्हणणार नाही. पण मिरेयने पॉलिश पेपरची पिशवी जमिनीवर ठेवली आणि ती पापांना म्हणाली, "काही होत नाही. फाडून नवी लावली की झालं. ओडेत लावेल. माझा खांदा भरून आलाय."

"हो," पापा म्हणाले. "ओडेत, तूच कर. मी लांब बसतो."

तर असा पत्रा तिच्याकडे आला.

तिने चुरगळलेली टेप सोलून काढली, जुनी पुट्टी खरवडली, बादलीतून नवी घेतली. या वेळी खाली भरपूर घातली. टेप कापली. मिरेय खिडकीत बसून बाहेर बघत होती, पापा खुर्चीवर, हात अजून खिशात. टेपचं एक टोक चिकटवून ओडेत थांबली, आणि वळून न बघता तिने म्हटलं... छप्पन्न-सत्तावन्न वर्षांत जे म्हटलं नव्हतं ते इतकं छोटं होतं.

"पापा, माझा हात धरा ना."

"नको."

"मला कोन कळत नाही."

"मी पुन्हा बिघडवीन."

"बिघडवा."

खुर्ची सरकली. सपाता आल्या. त्यांचा श्वास तिच्या मानेवर आला, कॉफीचा आणि झोपेचा, आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. हात हलत होता. मिरेयच्या मनगटावर जसा बसला होता तसा बसला नाही, तिच्या मनगटालाही हलवत राहिला, आणि दोघांचा मिळून पत्रा भिंतीवरून लहान लहान लाटा काढत सरकत गेला. "जोर बोटांत," ते हळू म्हणाले. "हां. जाऊ दे." तिचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली की हे दुःखाने नाही. हे मला हवं होतं, हेच, एवढंच. बादलीवर उभं राहायची वाट बघत मी म्हातारी होत आले. आणि मिळालं. आणि ते गोड होतं, शपथ सांगते, अगदी आतपर्यंत गोड होतं, आणि ज्या तोंडाने मी "असू दे" म्हटलं त्याच तोंडात ती चव होती.

सांधा खिडकीपर्यंत पोचला. पापांनी हात सोडला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. उजेड अजून आडवा होता. ओडेतला दिसत होतं ते त्यांना दिसत नसणं शक्य नव्हतं: लाटा होत्या, मध्ये एक उंचवटा होता, उजवीकडची कड जाड राहिली होती. कोणालाही, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही हा सांधा दाखवता आला असता.

"चांगला आहे," पापा म्हणाले.

मिरेयने खिडकीतून मान वळवली. तीही बघत होती. तिने पापांकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि पुन्हा बाहेर.

"चांगला झालाय, ओडेत," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, आणि हात खिशात घातले.

भिंतीबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते. गिऱ्हाइकाशी नाही, मामांशी नाही, तिच्याशी तर नाहीच, आजपर्यंत. ओडेत पत्रा हातात धरून तशीच उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. आता मिरेयचा काही राग येत नव्हता, तो शोधला तरी सापडत नव्हता. त्याच्या जागी काय आलं होतं ते तिला कळेना. फक्त वाटत होतं की त्यांनी पुढे यावं, त्या उंचवट्यावर बोट ठेवावं आणि म्हणावं, हे काय केलंस, हात जड आहे तुझा, पुन्हा ओढ. ती कान देऊन उभी राहिली. मागे खुर्ची करकरली, ते बसले.